रंगाखालचा तडा

लग्नात जेवायला बसण्याआधी ठोकेकाका आचाऱ्याकडे जायचे आणि रिकाम्या पातेल्यांवर बोटाच्या पेराने टकटक करून यायचे. आचारी वैतागायचे. काकांना त्याचं काही नसे. एसटीचा पत्रा, बँकेची तिजोरी, शेजाऱ्याचं नवं फाटक, धातूची कुठलीही वस्तू त्यांनी न वाजवता सोडली नाही. खरं नाव वेगळंच होतं, पण सातपूरच्या आमच्या तपासणी प्रयोगशाळेत ते पगारपत्रकापुरतं उरलं होतं. मूळ गाव कळवणकडचं. शिक्षण आयटीआय. मी मात्र धातुशास्त्राची पदवी घेऊन आलेली, त्यामुळे पहिले काही महिने मला फार शिंगं फुटली होती.

आमच्याकडे बोटाएवढ्या लोखंडी तुकड्याला खाच पाडून त्यावर जड लोलक सोडायचं एक यंत्र होतं. एका फटक्यात तुकडा मोडतो आणि त्याने किती जोर सोसला ते काटा दाखवतो. काम तेवढ्यावर संपतं. काकांचं तिथून सुरू व्हायचं. ते मोडलेले तुकडे उचलून खिडकीशी जायचे आणि पत्रिका बघावी तसे बघत बसायचे. मोडलेली बाजू धाग्याधाग्यांची, मळकट दिसली तर म्हणायचे, "झगडलं बिचारं." खडीसाखरेसारखी चमकली तर म्हणायचे, "ह्याला कळायच्या आतच गेलं." थंडीत हेच लोखंड जास्त तिरसट होतं, हे दाखवायला त्यांनी एकदा तुकडे बर्फात बुडवून मोडून दाखवले होते. त्यानंतर चार दिवस मी भेटेल त्याला तेच सांगत होते.

तडा गेलेली प्लेट हळू दाबली तर टिकते आणि एका घावात का मोडते, हे मी फळ्यावर सूत्रं मांडून त्यांना समजावायला गेले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कापडवाला काय करतो? कात्रीनं जरा खाच पाडतो आन् हिसका देतो. हळू ओढलं तर मांजरपाट लय वेळ ताणून घेतं. लोखंडाचंबी तेच हाय. तड्याच्या टोकाला सावरायला वेळ पाहिजे. घाव वेळ देत नाय." माझी सूत्रं बरोबर होती, पण ती मला खरी कळली ती त्या मांजरपाटामुळे.

त्याच वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अंबडच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. तिथल्या हॅमरच्या, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या यांत्रिक घणाच्या, खालच्या प्लेटचा आवाज बदललाय, असं तो चालवणाऱ्या ज्ञानेश्वरला वाटत होतं. काका डोळे तपासायला गेले होते, म्हणून मी एकटीच गेले. घणाखाली जॅक लावला, दाब हळूहळू वाढवत नेला, अर्धा तास धरून ठेवला. प्लेट हलली नाही. तिथेच 'ठीक' असा अहवाल लिहिला, सही केली आणि वर मालकांचा चहा पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी अहवालाची प्रत वाचली आणि विचारलं, "प्लेटला रंग होता का?"

"हो, पूजेसाठी कालच हिरवा दिला होता. अगदी ताजा."

"मग पोरी, तू प्लेट नाय पाह्यली. रंग पाह्यला."

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांना अंघोळी घालतात, रंग देतात, हळदकुंकू वाहतात आणि त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. काकांची हातोडीही घरी पाटावर झेंडूच्या फुलांत बसली होती. पण दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर त्या हॅमरचा पहिला घाव पडणार होता, आणि समोर ज्ञानेश्वर उभा राहणार होता. आम्ही स्कूटरवरून अंबड गाठलं.

मालक नाराज झाले. "काका, आज पूजा झालेल्या मशिनला हत्यार लावायचं? आणि मॅडमनी तर पास केलंय."

मॅडमला त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"हत्यार नाय लावत, शेठ," काका म्हणाले. त्यांनी हॅमरला हात जोडले, हार उतरवून ताटात ठेवला आणि चिंधीने थिनर लावून रंग पुसून काढला. उघड्या प्लेटवर डिझेल फिरवलं. थोड्या वेळाने ती खडखडीत कोरडी पुसली. खडू मिळेना, तेव्हा हॅमरपुढच्या रांगोळीच्या डब्यातली बारीक रांगोळी प्लेटवर भुरभुरली आणि आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. आत मुरलेलं डिझेल हळूहळू वर आलं. पांढऱ्या रांगोळीत वीतभर लांब, ओली, काळी रेघ उमटली. ज्ञानेश्वर खाली बसला.

मालकांनी मुहूर्त सोडला. प्लेट आमच्याकडे आली. काकांनी तिच्यावर वजन सोडलं, तर एकाच घावात दोन तुकडे झाले. मोडलेली निम्मी बाजू जुन्या तड्यातल्या गंजाने काळी होती, निम्मी नुकती मोडल्याने लखलखीत. माझ्या चुकीबद्दल प्रयोगशाळेच्या साहेबांना त्यांनी काही सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "सही तुझी हाय. पत्र तूच लिही." माझा अहवाल चुकीचा होता, असं मी कारखान्याला लिहिलं.

ते निवृत्त झाले तेव्हा कळवणच्या गाडीवर सोडायला मी गेले होते. इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं तिथल्या बाकावर विचारलं. प्लेट न पाहता त्यांना संशय आला तरी कसा?

"माझ्या पहिल्या वर्षी मीबी रंगच पाह्यला होता," ते म्हणाले. "फक्त मला कोणी परत घेऊन गेलं नाय. प्लेट फुटली, घणापुढचा माणूस गेला. येवल्याकडचा होता. मागं त्याच्या लेकीच्या लग्नाला गेलतो. ती माझ्या पाया पडली. प्लेट मी पास केली होती, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं."

मला त्यांचा रागच आला, हे सगळं इतकी वर्षं एकट्याने बाळगल्याचा. तेवढ्यात गाडी लागली. काकांनी पिशवी उचलली आणि रांगेत जाऊन उभे राहिले.