सतरा नंबरचं पिंप

ब्रँडीच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘वासवाले काका’ म्हणत. द्राक्षांची आंबट वाइन तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळायची, वाफ थंड करून तिची धार धरायची, सुरुवातीची जहाल आणि शेवटची ओशट धार बाजूला काढून मधली तेवढी ओकच्या लाकडी पिंपात भरायची, इथवर कुणीही करेल. पुढची वीस-तीस वर्षं कुठल्या पिंपाला किती वेळ द्यायचा, हे मात्र काकांचं नाकच सांगे. त्या नाकापायी त्यांनी कांदा सोडला, सुवासिक साबण सोडला, बायकोची पावडरसुद्धा बंद केली.

आणि नेमकी नको त्या दिवशी त्यांना सर्दी झाली.

सतरा नंबरचं पिंप काकांच्या गुरूंनी तेहतीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी भरलेलं. ते लाकडात जास्त राहिलं तर कडू होणार. काचेच्या बरणीत काढलं तर त्याचं मुरणं तिथेच थांबणार, कायमचं. काकांनी पेला नाकाशी धरला. ब्रँडी आहे की नळाचं पाणी, काही कळेना. पेला खाली ठेवताना थोडी बाहीवर सांडली.

“उद्या सांगतो,” ते मॅनेजरला म्हणाले. “घाई नको.”

“तेहतीस वर्षं झाली काका, घाई कसली! पण उद्या मालक येतायत.”

काका तोंड पाडून घरी आले. बायकोने दारातच नाक मुरडलं. “आज सतरा नंबर उघडलंत वाटतं.”

“तुला कसं कळलं?”

“अहो, इतकी वर्षं तुमचे शर्ट कोण धुतंय? कुठलं पिंप उघडलं ते रोज तुम्हीच सांगता. सतराला आधी मनुकांचा वास यायचा. आता जुन्या कपाटाचा खण उघडल्यासारखा नुसता लाकडाचा यायला लागलाय.”

“आणि बारा?” काकांनी हळूच विचारलं.

“गोड, पण उथळ. तुमच्या धाकट्या भावासारखं.”

बाराबद्दल त्यांचंही हेच मत होतं. भावाबद्दलही. पण जिने आयुष्यात थेंबभर चाखली नाही, तिच्या शब्दावर गुरूंचं पिंप सोपवायचं?

सकाळी मालकांपुढे सतरा नंबरवर खडूने फुली मारून ते एका दमात म्हणाले, “काढा. आजच.”

मालकांनी घोट घेतला, डोळे मिटले. “शेवटी कडवटपणाची नुसती चाहूल आहे. वेळेवर धरलंत! काका, तुमच्या नाकाला तोड नाही.”

काकांना एकापाठोपाठ चार शिंका आल्या. मग त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं.

मालक हसत सुटले. “अहो, मग वहिनींना बोलवा की!”

वहिनी दुपारी आल्या, त्याही तासाभराच्या बोलीवर. “किती कोंदट! कुणी झाडत नाही का इथे?” असं म्हणत त्या रांगेतून चालू लागल्या. मॅनेजर पेले भरून पुढे करत होता, काका दिवा धरून मागे. बावीस नंबरपाशी त्या थांबल्या.

“हे काढा.”

काका दिवा घेऊन पुढे सरसावले. बावीस त्यांनी स्वतः भरलेलं. निवृत्तीच्या दिवशी उघडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

“अगं, थांब. अजून दोन वर्षं तरी...”

“तुम्हाला वास येतोय?”

“नाही.”

“मग खडू द्या इकडे.”

काकांनी खिशातून खडू काढून दिला.