चुकून दाखवलेली मुलगी

इन्कम टॅक्सची नोटीस हल्ली मोबाइलवर येते. मला आली तेव्हा मी चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये जेवत होतो. मेसेज इंग्रजीत होता. त्यातलं ‘स्क्रूटिनी’ एवढंच नीट कळलं आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. शेजारच्याने डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “मोठा माणूस झालास राव! आम्हाला तर सरकार ओळखत पण नाही.” सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

माझं रिटर्न भरणारे कर सल्लागार थेरगावात डांगे चौकाजवळ बसतात. आमच्या अख्ख्या शिफ्टचं रिटर्न तेच भरतात. त्यांनी नोटीस वाचली. दोन मुलांच्या शाळेच्या फीवर मी जी करसवलत घेतली होती, तिचा पुरावा मागितला होता. “पावत्या आहेत ना? मग कशाला घाबरता भाऊ,” ते म्हणाले.

पावत्या तर होत्याच. बायको त्या साडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवते, मुलाच्या वेगळ्या, मुलीच्या वेगळ्या. सवलत फक्त शिकवण्याच्या फीला मिळते, बसला आणि गॅदरिंगला नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी प्रत्येक पावतीवर पेन्सिलीने खुणाही केल्या. मी कंपनीत क्वालिटीला आहे. कागद पुरे असल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही, ही सवय अंगात मुरलेली. तिथेच थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण मी रजा टाकून शाळेत गेलो आणि दोघांचे बोनाफाइड दाखले आणून तेही जोडले, कुणी मागितले नसताना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढचा प्रश्न लगेच आला. दाखल्यावर मुलाच्या वडिलांच्या जागी माझं नाव आहे, मुलीच्या वडिलांच्या जागी दुसऱ्याचं आहे. या विद्यार्थिनीचं तुमच्याशी नातं काय, ते पुराव्यासह कळवा.

नातं काय! माझं डोकंच फिरलं. तिला गोवर आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं, ते विचारा म्हणावं. सायकल शिकवताना सोसायटीच्या गेटवर कोण आपटलं, ते विचारा. पण हे विचारणार कुणाला? समोर माणूसच नव्हता.

ते दुसरं नाव माझ्या धाकट्या भावाचं. आम्ही दोघं धाराशिवकडून कामासाठी इकडे आलो, एकाच खोलीत राहिलो, एकाच कंपनीत लागलो. दिवाळीला गावी जाताना त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. तो गेला आणि भावजयही गेली. मुलगी आमच्याकडे थेरगावला होती म्हणून वाचली. तेव्हा ती नुकती भिंतीला धरून चालत होती. तिने पहिल्यांदा ‘पप्पा’ म्हटलं ते मलाच. शाळेत घालताना मी तिच्या नावापुढे माझं नाव लावणार होतो. वडील आडवे आले. म्हणाले, “त्येचं नाव पुसू नगं रं. तेवढंच ऱ्हायलंय त्येचं.” म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघवेना. मी भावाचं नाव राहू दिलं, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. मुलगी मोठी झाल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि संध्याकाळी नेहमीसारखी माझ्याच ताटातली भाकरी मोडून नेली.

“दत्तक घेतलीय का?” सल्लागारांनी विचारलं.

“आपल्याच घरातली पोर दत्तक काय घ्यायची?”

“कागद लागतो भाऊ. सवलत स्वतःच्या मुलांच्या फीलाच आहे. पुतणी त्यात बसत नाही.”

“मग सोडा ती सवलत. जो टॅक्स निघेल तो भरतो.”

“तो तर भरायचाच आहे. पण मुद्दाम खोटं दाखवलं असा अर्थ काढला तर दंड लागेल, आणि तो दणकून लागतो. त्यापेक्षा लिहून देऊ, ही माझी मुलगी नाही, चुकून दाखवली गेली.”

मी त्यांच्यावर ओरडलो. बिचारे कागद आवरत राहिले. त्यांचं काही चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. दंडही भरला असता, ओव्हरटाइम करून भरला असता. पण पोरीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता आणि बाजूला ठेवलेले पैसे तिच्याच फीचे होते.

तरी एकदा आकुर्डीच्या इन्कम टॅक्स ऑफिसात जाऊन आलो. वाटलं, कुणातरी साहेबाला समोर बसून सांगावं, माणूस आहे, समजेल. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “दादा, तुमची केस आमच्याकडे नाही. ती कुठल्या गावातला माणूस बघतोय, हे मलाही दिसत नाही. जे सांगायचं ते ऑनलाइनच लिहा.” घरी येताना मी बसमध्ये मनातल्या मनात सगळी हकीकत मांडत होतो, भाऊ, भावजय, वडील, सगळं. पण ती कुठल्या रकान्यात बसणार?

मुदतीच्या दिवशी सल्लागार गावी होते. त्यांनी उत्तराचा मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि सांगितलं, तुम्हीच चढवा. घरात हे काम एकटीलाच जमतं, पोरीलाच. रिटर्नची पोचपावतीसुद्धा दरवर्षी तीच काढून देते. मुलगा लहान, बायकोला आणि मला ती वेबसाइट उघडतच नाही. सायबर कॅफेत जातो म्हणालो, तर तिने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. “द्या इकडे. बाहेरच्याला कशाला पासवर्ड द्यायचा?”

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. बायको आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली आणि धुतलेलंच पातेलं परत धुऊ लागली. पोरीने मसुदा लॅपटॉपवर घेतला, मोबाइल मला परत दिला आणि वाचू लागली. तिचं इंग्रजी चांगलं आहे, तेही मीच फी भरून शिकवलेलं. वाचून झाल्यावर ती टाइप करायला लागली. एकेक ओळ लॅपटॉपवर उतरवत गेली. सदर विद्यार्थिनी माझी मुलगी नाही. ती माझ्या मृत भावाची मुलगी आहे.

मग तिची बोटं थांबली.

“पप्पा, ‘मुलगी नाही’ ते राहू दे. कायद्याने बरोबरच आहे ते,” ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. “पण पुढे ‘चुकून’ लिहिलंय. तेवढं काढू का?”

मला हो म्हणायचं होतं. मी तोंडही उघडलं. दंड, तिची फी, सल्लागारांनी दिलेली तंबी, सगळं एकदम आठवलं.

“राहू दे बाळा,” मी म्हणालो. “नाहीतर दंड लागेल.”

तिने मान हलवली. तो शब्द लिहिला, खाली बटण दाबलं. माझ्या मोबाइलवर मेसेज वाजला.

“ओटीपी सांगा, पप्पा.”

मी चष्मा पुसला, परत लावला, आणि तिला एकेक आकडा सांगत गेलो.