डेन्मार्कलाही विचारावं लागतं

मंडळी, जेवणं उरकली आणि सरळ कॉम्प्युटरवर येऊन बसलेय. सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

माझ्या मुलाला, निखिलला, शाळेत युरोपियन युनियनवर प्रोजेक्ट आहे. नागपूरहून इथे अमेरिकेत, चँडलरला आलेले माझे सासरे, आबा, त्याला रोज काहीतरी विचारतात. तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो आणि मी मध्ये बसून भाषांतर करते.

आज त्याने लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं, की युनियनच्या ऑफिसला लोकांनी आपल्या देशाच्या भाषेत पत्र लिहिलं, तर उत्तर त्याच भाषेत द्यावं लागतं. मी ते आबांना सांगितलं.

आबा हसले. "मग मलाही मराठीतच उत्तर पाहिजे बरं का. तू जा, भाजी बघ."

मी गेले, पण कान तिकडेच.

"इतके देश एकत्र, मग ठरवतं कोण? मोठे देशच ना?"

निखिल अडखळत म्हणाला, "नाही आबा. डेन्मार्क छोटा आहे. पण मोठा रूल चेंज करायचा तर त्याला पण विचारावं लागतं. एकदा ते नो म्हणाले, तर सगळे थांबले."

भाजी ढवळता ढवळता माझा हात थांबला. आबांचं परतीचं तिकीट पुढे ढकलायचं, हे मी आणि नवऱ्याने कालच ठरवून टाकलं होतं. जेवताना, आबांच्या समोर, इंग्लिशमध्ये.

आज जेवताना त्यांना मराठीत विचारलं. म्हणाले, "विचार करून सांगतो."

आम्ही सगळे थांबलोय. तुमच्या घरी कोणाला विचारायचं राहिलंय?