चकाचक काकांची टाकी

चकाचक काकांच्या शेडमध्ये शिरायचं तर आधी चुन्यात बूट बुडवायचे, मग हात धुवायचे, मग काकांची नजर सोसायची. यातलं तिसरं सगळ्यात अवघड. बावीस वर्षं जंतूंशी वैर धरलेला माणूस. स्वतःच्या जावयालासुद्धा त्यांनी दारातूनच परत पाठवला होता, शिंकला म्हणून.

कोंबडीची पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड आणि जीव काकांचा. मागच्या दोन बॅच उन्हाळ्याने खाल्ल्या होत्या. तिसरी गेली तर पुढे पिल्लं मिळणार नाहीत, असं कंपनीने कळवलेलं.

ही बॅच एकतिसाव्या दिवशी ढासळली. पत्रा तव्यासारखा तापलेला. तीन हजार पक्षी पंख फाकवून, चोची उघड्या टाकून धापा टाकत होते. खाद्याला तोंड लावत नव्हते, नुसतं पाणी पीत होते आणि पाण्यासारखंच हगत होते. खाली अंथरलेला भाताचा तूस चिकट झाला, वासाने डोळे झोंबू लागले. कंपनीच्या सुपरवायझरने पोटासाठी पावडर दिली, “पाच दिवस पाण्यातून द्या” म्हणाला आणि घाईत गेला.

काकांनी एक वेळ चुकवली नाही. तरी एकट्या सहाव्या दिवशी दुपारपर्यंतच एकशे दहा मेले.

सुपरवायझर आला. टाकीचं झाकण उघडून त्याने नाक मुरडलं.

“काका, पाण्यात काय घातलंय?”

“तुमचं औषध.”

“आणखी?”

“आणखी काय, ब्लीचिंग पावडर. रोजचीच. आजार आहे म्हणून दुप्पट.”

सुपरवायझर पालथ्या बादलीवर बसला. “अहो काका, त्या औषधात जिवंत जंतू असतात. चांगले. आतड्यात रुजायला. तुम्ही ते टाकीतच मारलेत.”

“जंतू?” काकांचा आवाज चिरकला. “तुम्ही मला जंतू पाजायला दिले?”

“डब्यावर लिहिलंय.”

“डब्यावर कोंबडीचं चित्र आहे!”

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. “बावीस वर्षं मी सांगतेय, जरा घाणेरडे राहायला शिका,” त्या म्हणाल्या. कोणी हसलं नाही. त्यांनाही हसायचं नव्हतं.

मग काकांनी टाकी रिकामी केली, तीनदा विसळली, विहिरीचं साधं पाणी स्वतः शेंदलं. उरलेली पावडर त्यांनी तोंड फिरवून ढवळली, जणू विषच कालवताहेत. पुढचे दोन दिवस ते पक्ष्यांच्या मागे वाकून फिरले, विष्ठा बघत. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात ती घट्ट दिसली. त्यांनी काकूंना हाक मारून दाखवली, सोन्याची नाणी सापडल्यासारखी.

पण तोवर रोज शेकड्यांनी मरून निम्मे गेले होते, आणि ऊन कोणाचं ऐकत नव्हतं.

कंपनीची गाडी वेळेआधीच आली. जिवंत होते ते क्रेटमध्ये भरले गेले. सुपरवायझरने वहीत कारण लिहिलं: उष्णता. काकांनी ते वाचलं.

“असं नको, साहेब. ब्लीचिंग लिहा.”

“काका, ते लिहिलं तर तुमचा विषय संपला.”

“आणि हे लिहिलं तर पिल्लं येतील?”

सुपरवायझरने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“सध्या शेड रिकामं ठेवा.”

“किती दिवस?”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुपरवायझर गाडीत चढला. काका दाराला धरून गाडीबरोबर चालू लागले.

“साहेब, किती दिवस? अंदाजाने तरी सांगा.”