रुमाल टाकलेली एसटी

"कुणाचा हाय बे ह्यो रुमाल? उचला! आन् ह्यो टॉवेल? गाडीत मानूस न्हाई आन् जागा कुनी धरलीय?"

कंडक्टर रिकाम्या एसटीत बोंबलत होता. आम्ही दारात उभे — मी, माझी चुलती म्हणजे काकू, आणि डेपोचे एक साहेब.

आता आधीच सांगतो. गावात माझी ख्याती अशी, की मी "सकाळ झाली" म्हटलं तरी लोक दार उघडून खात्री करतात. आमच्याकडची निम्मी भुतं मीच रचून पसरवलेली. म्हणून तर माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही — माल कुठं तयार होतो, हे मला माहीत! पण ही गोष्ट माझी नाही. मी रचली असती, तर जरा बरी रचली असती...

धारूरचा घाट उतरून आत वळलं की आमची वाडी. लोकसंख्या किती विचाराल, तर मी विचारीन — कुठल्या महिन्यात? दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रक येतात आणि लेकराबाळांसकट गाव कर्नाटकात जातं. मागं म्हातारी माणसं, कुत्री आणि गिरणीवाला म्हणून मी. तेव्हा निवडणूक घेतली तर सरपंच कुत्र्यांचाच होईल! माणसं नसली की वडापची जीप फिरकत नाही. उरते सकाळची एसटी. ती रिकामी धावते म्हणून बंद करायचं घाटत होतं, आणि तेच ठरवायला साहेब आलेले.

काकूचं डायलिसिस. याच गाडीनं धारूर, तिथून पुढं अंबाजोगाई. "गाडी बंद झाली का मी बी बंद," ती साहेबांना म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तशी.

गाडी आमच्यादेखत रिकामी आली, पारापाशी वळून उभी राहिली. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्याजवळच चहा प्यायले. गाडी समोर... तिच्याजवळ कुत्रंही गेलं नाही. आणि चढून बघतो तर एकेक सीट धरलेली! रुमाल, गमजे, टोप्या, खिडकीशी लेकराचं टोपरं. सगळं घामानं ओलं, उसाच्या पाचटाचा वास. त्यातला एक टॉवेल ऊसतोडीला गेलेल्या शेजारच्या दगडूचा. त्याला बिडीचं भोक मीच पाडलेलं.

तिथूनच फोन लावला.

"दगड्या, कुठं हायस बे?"

"फडात. मोळ्या बांधाय लागलोय. का?"

"तुझा टॉवेल?"

"डोक्याला हाय की. सकाळीच घेतलीस काय बे?"

एरवी मी त्याला सोडला नसता. पण फोन ठेवून दिला.

"काकू, तू तरी बस," मी म्हणालो.

"रुमाल हाय तितं मानूस हाय. मी न्हाई बसायची." तिनं दांडा धरला.

कंडक्टरनं टोपरं उचलायला हात पुढं केला, तसाच मागं घेऊन खिशात घातला. साहेबही उभेच राहिले. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढली. "लोड लई हाय, मास्तर," ड्रायव्हर मागं न बघता कंडक्टरला ओरडला. भीती वाटली म्हणावं, तर तसंही नाही. हात-पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे... बस, इतकंच.

धारूरला कंडक्टर आधी उतरला, मग साहेब. काकूला खाली घेऊन मी वळून पाहिलं — सीटा मोकळ्या. एक चिंधी नाही. कशी, ते मला अजून कळलेलं नाही. ज्याला सांगतो तो म्हणतो, "ही नवीन का?"

साहेब बाकड्यावर पोटऱ्या चोळत बसले होते. मी जवळ गेलो.

"साहेब, मग... गाडी बंद का?"

"बंद कशी करू?" ते म्हणाले. "मलाच उभ्यानं यावं लागलं."