समोरच्या सरांनी मोडलेला शब्द

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या सरांइतका भला आणि त्यांच्याइतका डोक्याला ताप माणूस अख्ख्या जोगेश्वरीत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. अंधेरीच्या एका कॉलेजात ते मानसशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवायचे. बाकीचे प्राध्यापक आपला विषय कॉलेजात ठेवून घरी येतात. आमचे सर तो रोज घरी घेऊन यायचे, आणि घरात मूलबाळ नसल्यामुळे सगळ्या बिल्डिंगला वाटायचे. काकूंनी "भाजी कुठली आणू?" म्हणून विचारलं, की यांचं सुरू, "तुला काय खायचंय ते विचारतेस, की मला काय खायचंय असं तुला वाटतं ते विचारतेस?" काकू पिशवी उचलून दुधी आणायला चालू लागायच्या. "तीस वर्षांत आमच्याकडे भाजी ठरली अशी कधी नाहीच गं, नुसती येते," असं त्या माझ्या आईला सांगायच्या.

खोटं बोलायचं नाही, हा सरांचा नेम. तिसऱ्या मजल्यावरच्या कट्टर शाकाहारी घरातले गृहस्थ रविवारी सकाळी सरांकडे येऊन गुपचूप ऑम्लेट खायचे. एकदा त्यांच्या बायकोने जिन्यात सरांना गाठलं आणि सरळ विचारलं, "आमचे हे तुमच्याकडे काय खातात हो?" सरांना खोटं बोलवेना आणि मित्राचं गुपितही फोडवेना. म्हणून त्यांनी एका माणसाबद्दलचं खरं दुसऱ्याच्या मालकीचं असतं का, यावर जिन्यातच वीस मिनिटं व्याख्यान दिलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे अंडं खातात. एवढंच ना?" तळमजल्यावरच्याने पाण्याच्या पाइपाला मोटर बसवली आणि वरच्यांचं पाणी गेलं, तेव्हा सरांनी गच्चीवर सभा घेतली. भांडायचं नाही, विचार करायचा, असं बजावून ते म्हणाले, "उद्या प्रत्येकाने अशीच मोटर बसवली तर काय होईल? डोळे मिटा आणि विचार करा." सगळ्यांनी डोळे मिटून विचार केला, आणि पंधरा दिवसांत बिल्डिंगमध्ये अकरा मोटरी बसल्या. सरांनी अर्थातच बसवली नाही. काकू कळशी घेऊन आमच्याकडे यायच्या. एका सासू-सुनेचं भांडण मिटवायला त्यांनी दोघींना एकमेकींच्या खुर्चीत बसवलं आणि एकमेकींच्या जागेवरून बोलायला लावलं. दोघींनी एकमेकींच्या नकला इतक्या झकास केल्या, की मिटायला आलेलं ते भांडण पुढे महिनाभर चाललं.

हसायचो आम्ही. पण माझा धाकटा भाऊ विजू आजारी पडला तेव्हा धावून आले ते हेच सर. विजू अंधेरीच्या एमआयडीसीत टर्नर होता, कामाला एकदम चोख. चोविसाव्या वर्षी त्याच्या कानात माणसं बोलायला लागली. आईने गंडेदोरे केले, गावाकडे देवाला गाऱ्हाणं घालून आली. सरांनी आईला नावं ठेवली नाहीत. "गंडा राहू दे हातात, मी त्याला डॉक्टरांकडेही घेऊन जातो," एवढंच म्हणाले, आणि दर आठवड्याला कॉलेज बुडवून हॉस्पिटलच्या बाकावर विजूशेजारी बसून राहिले. वर्षभराने विजू परत कामावर जायला लागला. गोळ्या तेवढ्या कायमच्या राहिल्या.

मग मुलुंडचं स्थळ आलं. वडील नसलेली मुलगी, मामांकडे वाढलेली, बालवाडीत शिकवायची. आम्ही बघायला गेलो. चहापोहे झाले, मोठ्यांची बोलणी सुरू झाली, आणि पद्धतीप्रमाणे दोघांना दहा मिनिटं गॅलरीत पाठवलं. आठ दिवसांत होकार आला. आजाराचं आईने अवाक्षर काढलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, सांगायला हवं गं." तर म्हणाली, "सांगायचं कशाला? ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणारे काय गावभर सांगत फिरतात? लग्न झालं की लागेल मार्गाला." शेवटी मी सरांकडे गेले. आधी त्यांच्याकडून शब्द घेतला, की कुणाला सांगणार नाही, आणि मग सगळं ओतलं. आज कबूल करते. मुलुंडला जाऊन सांगायची माझी छाती नव्हती, आणि सरांना असलं काही कळलं की ते गप्प बसू शकत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. शब्द मी वरवरचा घेतला. त्यांनी मात्र तो खरा मानून दिला.

पुढचे काही दिवस सरांचं काही खरं नव्हतं. दाढी नाही, डब्याकडे लक्ष नाही, एकदा तर वर्गात जाऊन हजेरी घेऊन परत आले, शिकवायचं विसरलेच. साखरपुड्याची तारीख ठरल्यावर एका संध्याकाळी आमच्या दारात उभे राहिले. विजू कामावर होता. आईला म्हणाले, "वहिनी, मी तुमच्या मुलीला शब्द दिलाय आणि तो मी मोडणार आहे. मोडायच्या आधी सांगायला आलोय. रविवारपर्यंत तुम्ही त्यांना सांगा. नाही सांगितलंत, तर रविवारी सकाळी मी मुलुंडला जाईन. त्या मुलीला माहीत व्हायला हवं." आईने आधी माझ्याकडे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मग त्यांना म्हणाली, "पोटचं पोर असतं ना तुम्हाला, तर पाय उचलला नसता." सर पांढरेफटक पडले. "शक्य आहे," म्हणाले. "त्याचाही विचार केला मी."

आईने सांगितलं नाही. मीही नाही. रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दुपारी परत येऊन आमच्या दारात म्हणाले, "सांगितलं. मामांनी नीट ऐकून घेतलं. चहा दिला." आईने त्यांच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिवशी मुलुंडहून नकाराचा निरोप आला. विजूने ऐकला आणि जेवायच्या पानावरून न जेवताच उठला.

पंधरा दिवसांनी सर पुन्हा आले. आई आत निघून गेली. विजू खाली बसून मिक्सर उघडून दुरुस्त करत होता. सर त्याच्यासमोर फरशीवरच बसले. म्हणाले, "विजू, मी सगळ्यांचा विचार केला रे. मुलीचा, तुझ्या आईचा, ताईला दिलेल्या शब्दाचा. तुला विचारायचं राहिलं. माफी मागायला आलोय."

विजूने मान वर केली नाही. "काय विचारणार होतात?"

"तिला सांगायचं का, ते."

"तिला माहीत होतं ना सर," विजू म्हणाला. "मी सांगितलं होतं. गॅलरीत, पहिल्याच दिवशी. कानात बोलायचं ते, हॉस्पिटल, सगळं."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. सरांनी अगदी हळू विचारलं, "मग?"

"म्हणाली, मामांना एवढ्यात सांगू नका, त्यांचं मी बघते. आणि विचारलं, गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की जेवणानंतर."

त्यावर सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. मिक्सरचे सुटे स्क्रू एकेक करून विजूच्या हातात देत राहिले. दुसऱ्या दिवशी ते परत मुलुंडला गेले, या वेळी त्या मुलीलाच भेटायला. मामांनी दारातूनच सांगितलं, की तिला चिपळूणला मावशीकडे पाठवलंय आणि तिथेच तिचं जमत आलंय. सर जिन्यात मला भेटले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "मुलीला कळायला हवं म्हणून गेलो मी," म्हणाले, "आणि सांगून आलो मामांना. मुलीला हाक मारावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं. तीस वर्षं काय शिकवलं मी?" माझ्या ओठावर आलं होतं, की सर, तो शब्द मी खोटाच घेतला होता, चूक माझी आहे. नाही बोलले. मला अजून त्याची लाज वाटते.

विजूने पुढे स्थळं बघू दिली नाहीत. आणि सर रोज संध्याकाळी आठ वाजता, विजूच्या गोळ्यांच्या वेळेला, आमच्याकडे येऊन बसायला लागले. आई बोलायची नाही, ते यायचे थांबायचे नाहीत. ते आणि विजू बातम्या बघायचे, फारसं न बोलता. बिल्डिंगमधलं कुणी सल्ला विचारायला आलंच, तर सर म्हणायचे, "ज्याच्याबद्दल बोलताय त्याला विचारलंत का?" आणि चष्मा पुसायला लागायचे. सर आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, अशी लोकांची तक्रार होती. अशी सहा वर्षं गेली.

रिटायर झाल्यावर सरांनी सावंतवाडीला काकूंच्या माहेरच्या घरी जायचं ठरवलं. सामान टेम्पोने पुढे गेलं. निघायच्या दिवशी रिक्षा खाली उभी, काकू पिशव्या घेऊन रिक्षात बसलेल्या, बोरिवलीहून सुटणारी एस.टी. गाठायची घाई, आणि सर विजूचा हात धरून आमच्या दारात उभे. म्हणाले, "विजू, मी जाऊ ना रे?" निघणारा माणूस विचारतो तसं नाही. खरंच विचारलं त्यांनी, आणि उत्तराची वाट बघत राहिले.

विजूने नीट विचार केला. मग म्हणाला, "नका जाऊ."

सर खाली गेले आणि रिक्षा परत पाठवून, काकूंना घेऊन वर आले. काकूंनी कपाळावर हात मारला. तिकिटं फुकट गेली, आणि त्यांच्या ब्लॉकमध्ये तर साधी चटईसुद्धा उरली नव्हती. तेव्हा माझी आई सहा वर्षांत पहिल्यांदा सरांशी बोलली. "हातपाय धुऊन घ्या," म्हणाली, "भात टाकते." रात्री दोघांची अंथरुणं तिने आमच्याच बाहेरच्या खोलीत घातली, विजूच्या शेजारी.

सकाळी मला जाग आली तेव्हा काकू पिशव्या घेऊन जिन्यात पोचल्या होत्या आणि सर चपला हातात धरून झोपलेल्या विजूकडे बघत उभे होते. मी त्याला उठवायला वाकले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पुन्हा विचारायचा धीर त्यांना झाला नाही.