नारायणकाकांचं झाड

आमच्या ऑफिसात कामं साचत नाहीत, किस्से साचतात. खामगावात सरकी-ढेपेच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात मी आणि माझा पार्टनर प्रफुल्ल. वेबसाइट बनवतो. एकदा नारायणकाका आले. त्यांना कुळाच्या मेळाव्यात पडद्यावर अख्खी वंशावळ दाखवायची होती. नावावर क्लिक केलं की खाली पोरंबाळं उघडली पाहिजेत!

सर्व्हरमध्ये मात्र नुसती यादी. माणूस, आणि पुढे त्याच्या बापाचा नंबर. स्क्रीनवरच्या झाडाला हवी बापाच्या पोटात पोरं, पोरांच्या पोटात नातवंडं. ही जुळवाजुळव प्रफुल्लकडे. ज्याचा बाप सापडणार नाही तो नारायणकाकांखाली, असा नियम त्यानं लावून टाकला, कारण टेस्टिंगला पहिलं नाव त्यांचंच होतं.

* * *

मूळपुरुष पणजोबा. त्यांचा बाप कोणालाच माहीत नाही. पहिल्याच डेमोत पणजोबा काकांखाली लटकलेले!

"काऊन बे, माह्या पणज्याले माहा पोट्टा केला?"

आम्ही पणजोबांना वर चढवलं. नियम तसाच राहिला.

* * *

मग एकदा पान नुसतं गरगर फिरायला लागलं. प्रफुल्लनं शोधून काढलं. जानेफळच्या दामूनं माहिती भरताना बापाच्या जागी स्वतःचाच नंबर टाकला होता.

"काका, हा स्वतःच स्वतःचा बाप हाय!"

काका शांतपणे म्हणाले, "दामू ना? तो हायच तसा."

* * *

सुलतानपूरला दत्तक गेलेला एक पुतण्या होता. झाडात एकाला एकच बाप चालतो. प्रफुल्लनं वैतागून त्याला दोन्हीकडे चिकटवलं. आता काका रागावणार, असं वाटलं.

"बरोबर हाय. तो दोन्ही घरी जेवते."

* * *

नावं अक्षरांप्रमाणे लागली, तेव्हा नारायण वर आणि त्यांचे थोरले भाऊ वसंत खाली. एका लग्नात टॉवेल-टोपीचा मान आधी कोणाला, यावरून दोघांचं बोलणं कधीचंच बंद. आम्ही विचारलं, वयाप्रमाणे लावू का?

"राहू दे. कम्प्युटरले समजते कोन मोठं हाय ते!"

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तर काकांचा फोनच आला, "त्याचं नावच काढून टाका." प्रफुल्लनं काढलं. मला खरंच वाईट वाटलं, पण झाड त्यांचं होतं.

* * *

मेळाव्याला वसंतदादा आले होते. मागे, दाराशी उभे. स्टेजवर काकांनी ऐटीत स्वतःच्या नावावर क्लिक केलं. त्यांच्या दोन पोरी उघडल्या, आणि पोरींच्याच रांगेत वसंतदादांची तिन्ही पोरं! बाप काढला, पोरांना बाप सापडेना, नियमानं ती काकांकडे आली.

प्रफुल्ल घाम पुसत कुजबुजला, "काका, चूक झाली, आत्ता काढतो."

"हात नोको लावू."

काकांनी स्वतःच्या सत्कारासाठी ठेवलेली टॉवेल-टोपी उचलून माइक जवळ ओढला.

"दादा, तुहे पोट्टे माह्या घरी आले. तू मांगं काऊन उभा हायस?"